मोघेकाकांची चार निवेदनं

९ एप्रिल २०१६, शनिवार. पाडवा काल होता, पण काल ऑफिस होतं, म्हणून श्रीखंड आज. रात्रभर टांगलेला चक्का पुरणयंत्रातून काढत होते आणि ते काम जिवावर आलं होतं. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले मोघेकाका आले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची ओढून बसले.

"वाच," म्हणाले. "आमच्या पंतप्रधानांनी आज काय कबूल केलं?"

आमचे म्हणजे ब्रिटनचे. काकांची सगळी नोकरी लेस्टरच्या टॅक्स ऑफिसात झाली. काकू गेल्यावर मुलगी गौरी त्यांना सिंगापूरला घेऊन आली. सेरंगूनमधली आमची मराठी मंडळी नव्या माणसाला घरभाडं किती ते विचारतात. काका विचारतात, "टॅक्स किती भरता?" नाव नंतर. आमच्या मंडळाचे अध्यक्ष एकदा हसून म्हणाले, "ती खासगी बाब आहे." "मग निवडून कशाला आलात?" काका म्हणाले. अध्यक्ष निवडून आले नव्हते. दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून झाले होते. त्या दिवसापासून तेही तयार नव्हते.

गेले दोन महिने काका रोज सकाळी माझ्या चहाच्या वेळेला येऊन तिकडच्या बातम्या वाचून घेत होते. मोठ्याने. कशासाठी, तर माझे इंग्रजी उच्चार सुधारावेत म्हणून. त्याच उच्चारांवर मी इतकी वर्षं पगार घेतेय. पण म्हाताऱ्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा वाचून टाकणं सोपं.

त्या आठवड्यात पुढारी आणि परदेशातला पैसा याशिवाय दुसरी बातमीच नव्हती. पंतप्रधानांच्या दिवंगत वडिलांनी परदेशात, जिथे टॅक्स लागत नाही तिथे, एक फंड काढला होता. पंतप्रधानांकडून आधी आलं, ती खासगी बाब. मग, माझ्याकडे शेअर नाहीत. मग, पुढेही काही मिळणार नाही. मग, पूर्वी होते, पण पंतप्रधान होण्याआधीच विकले.

"बेकायदा काहीच नाही," काका सांगायचे. "तीच पंचाईत आहे. कायदा मोडला असता तर आम्ही पकडलं असतं. विश्वास मोडला तर लोकांनी तक्रार कुणाकडे करायची? विचारायच्या आधी सांगायचं होतं. संपलं."

मला खरं तर कुठल्याच देशाच्या पुढाऱ्यांचं काही वाटेनासं झालंय. ते सांगतात, आपण ऐकतो. खरं काय ते दोघांनाही ठाऊक असतं.

त्या दिवशी माझे हात चक्क्याने बरबटलेले. "आज तुम्हीच वाचा," मी म्हटलं आणि कोपराने टॅबलेट त्यांच्याकडे सरकवला.

काकांनी तो हातात घेतला, घसा साफ केला आणि माझ्यासाठी मराठीत करून वाचू लागले. "पंतप्रधान म्हणाले, चूक माझीच. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी लोकांची माफी मागतो."

इतकं सरळ कुठला पंतप्रधान बोलतो? मी वाकून पाहिलं.

"काका, ही माझी वाणसामानाची ऑर्डर आहे."

"काहीतरी चुकून उघडलं असेल."

"तूरडाळ, दोन किलो."

काकांनी टॅबलेट मांडीवर पालथा ठेवला. "चष्मा दुरुस्तीला दिलाय."

"नाकावर आहे."

"हा जुना. नंबर बदललाय."

मी हात धुतले.

"मोतीबिंदू गं. या वयात सगळ्यांनाच होतो."

मी दुसरी खुर्ची ओढून समोर बसले.

"काचबिंदू," ते शेवटी म्हणाले. "डावा गेलाच. उजव्याने माणूस दिसतो, अक्षर नाही. डॉक्टरकडे जातो मी, एकटाच. थेंबही घालतो."

"गौरीला माहीत आहे?"

"ती माझी खासगी बाब आहे," काका म्हणाले.

गौरीला ऑफिसने टोकियोला बोलावलं होतं, मोठ्या पदावर. सोमवारी तिला उत्तर द्यायचं होतं. तू खुशाल जा, मी लेस्टरला परत जातो, माझं घर आहे, दारात बस आहे, असं काका तिला रुबाबात सांगत होते.

"कळलं तर ती जाणार नाही," ते म्हणाले. "आईच्या आजारपणात एक बढती सोडलीय तिने. आता माझ्या डोळ्यांपायी दुसरी नको. तो पंतप्रधान बघ, बाप गेला तरी बापाचं निस्तरतोय. त्या सगळ्या बातमीत मला तेवढंच लागलं, सुनीता. टॅक्सबिक्स नाही."

"आणि लेस्टरला तुम्हाला कोण वाचून दाखवणार?"

"तिकडे शेजारी आहेत की."

"नावं सांगा."

काका उठायला लागले.

मी श्रीखंडाची वाटी भरून त्यांच्या हातात दिली. "आज रात्रीपर्यंत तुम्ही तिला सांगा. नाहीतर उद्या मी येते."

"तिचं उत्तर जाऊ दे. सोमवारनंतर सांगतो."

"नंतर सांगितलं की लोक काय म्हणतात, ते गेला आठवडाभर तुम्हीच मला ऐकवताय."

रविवारी सकाळी फोनवर बातमी आली की पंतप्रधानांनी आपल्या टॅक्सचे आकडे जाहीर केले. मी ती उघडली नाही. जाऊन समोरची बेल दाबली. गौरीने दार उघडलं. हातात कॉफी, चेहरा निवांत. म्हणजे काकांनी सांगितलं नव्हतं. ते तिच्या मागे इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते.

"सुनीताताई, इतक्या सकाळी?"

"तुझ्या बाबांना बोलायचंय तुझ्याशी. बस."

काकांना दंडाला धरून तिच्या शेजारी बसवलं, टीव्ही बंद केला आणि चहा टाकायला त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. गॅस अगदी बारीक ठेवला.