जनतेची जागा रिकामी आहे

बहात्तरच्या दुष्काळात जत तालुक्यातल्या हिवरवाडीने स्वतंत्र राष्ट्र होण्याचा ठराव एकमताने संमत केला. कारण साधं होतं. टँकर मागितला की तालुक्याचे साहेब म्हणत, "तुमचा नंबर यायचाय." आणि रेडिओ तर रोज सांगत होता की मागास राष्ट्रांना परदेशातून बोटी भरभरून मदत जाते. खालच्या आळीतल्या नानासोची मेंढरं पाण्यावाचून माना टाकत होती. त्यानेच चावडीवर विचारलं, "मागास तर आमी हायच. मग राष्ट्र व्हायला आनखी काय लागतंय?"

"जमीन, झेंडा, सरकार आन् जनता," पलटणीतून पेन्शनीवर आलेले मानसिंग सुभेदार म्हणाले.

जमीन होती, भेगाळलेली का असेना. झेंड्याला धोतर मिळालं. सरकारात जायला तर आधीपासूनच झुंबड होती. वरच्या आळीचे हंबीरराव पंतप्रधान झाले, त्यांची बाकीची आळी मंत्री झाली. घोडं अडलं जनतेपाशी. जनता व्हायला कुणी तयार होईना. शेवटी सगळ्यांनी नानासोकडे पाहिलं.

"तू आन् तुजी आळी व्हा रं जनता," हंबीरराव मायेने म्हणाले. "तुमाला सवय हाय."

ठराव वाचून तालुका हादरला. परराष्ट्र मदत म्हणून टँकर आला. नानासो घागर घेऊन धावला, तर टँकर हंबीररावांच्या हौदात रिता होत होता.

"आवं, आमचं पानी?"

"आदी राष्ट्राचा विकास हू दे गड्या. वरनं खाली झिरपतंयच की."

हौद पक्का सिमेंटचा होता. त्या दिवशी नानासोची दोन मेंढरं गेली, आणि ही अक्कल आपणच पाजळली म्हणून तो स्वतःवरच चडफडत बसला.

पुढे विकास मोजायला मुंबईहून तज्ज्ञ आले. त्यांनी हौद मोजला, माणसं मोजली, भागाकार केला. "दरडोई पाच घागरी! उत्तम प्रगती."

नानासोने घागर उलटी करून दाखवली. नुसती धूळ पडली. तज्ज्ञांनी बूट मागे घेतले.

"अशी एकेकाची घागर बघत नसतात. सरासरीत तुझी भरलेली आहे."

"मग सायेब, माज्या वाटनीचं पितंय कोन?"

हंबीररावांकडून आलेला तांब्या तज्ज्ञांनी उभ्या उभ्या रिकामा केला.

वाचता वाचता एखादा घोट तुम्हीही घेतला असेल. घ्या, सावकाश घ्या. तेवढीच नानासोची सरासरी वाढते.