वाटी वेगळी ठेवा

ऑफिसच्या कँटीनमध्ये कुणी भातावर आमटी ओतली, की भोईरकाका ताट परत करायचे. "वाटी वेगळी! एकदा कालवलं की काढून दाखवशील काय?" लग्नाच्या पंगतीतही तेच.

माजिवड्यातल्या आमच्या कंपनीतले ते सर्वांत जुने प्रोग्रामर. राहायला बाळकुमला. आम्ही सॉफ्टवेअरचं लायसन न वाचता 'मान्य' दाबायचो. काका ते पोथीसारखं मोठ्यानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि मध्येच उठणाऱ्याला खाली बसवायचे.

कंपनी औषधाच्या पट्ट्या वाचून दाखवणारं ॲप करत होती. त्यातलं मराठी बोलणं आमचं नव्हतंच. अनोळखी लोकांनी लिहून जगाला फुकट दिलेली तयार कोडची लायब्ररी होती ती. मुख्य अट एकच: ॲप वापरणाऱ्याला ती काढून स्वतः बदललेली बसवता आली पाहिजे. साहेबांनी ती ॲपमध्येच कायमची मिसळली. स्टॅटिक लिंकिंग. वर कुलूप.

"साहेब, वाटी वेगळी ठेवा," काका मीटिंगमध्ये म्हणाले.

"काका, फुकटच्या मालाला कसली अट? कोण बघणारे?"

"मी बघतोय ना!"

सगळे हसले. मी पेटलो. देणाऱ्याचं घ्यायचं आणि त्याची अट गिळायची, ही चोरी आहे, असं मी अख्ख्या ऑफिसला लिहून पाठवलं. मला समज मिळाली, काकांना दुसरं काम. ॲप तसंच बाजारात गेलं. अशा लढाया अशाच संपतात.

मला वाटलेलं, काका तत्त्वासाठी भांडले.

रविवारी त्यांच्या घरी गेलेलो. घरात दोघंच, काका आणि डोळे गेलेली आई. काकांनी फोनवर आमचं ॲप उघडून गोळ्यांची पट्टी समोर धरली. फोन शुद्ध मराठीत म्हणाला, "भोजनोत्तर एक गोळी."

"यो कोन रं? मना नाय समजत," आई म्हणाली.

"मी लायब्ररीत माझ्या आवाजात हिची आगरी बोली भरून ठेवलीय," काका हळूच म्हणाले. "बसवू कुठं? ॲपला तर कुलूप. मी ऑफिसात असताना गेल्या महिन्यात चुकीची गोळी घेतली हिनं."

"तू कवा बोलशील त्यात?" आईने विचारलं.

"बोलंन गो आये."

मग तिने चाचपत ताट ओढलं आणि काकांच्या भातावर बोंबलाचं कालवण ओतलं. वाटी शेजारीच रिकामी होती.

काकांनी वाटी बाजूला सारली. कालवून जेवले.