रेघ पाहिजे, रेघ

डोंबिवलीत आमच्या मजल्यावर राहणाऱ्या कर्णिककाकांनी एका रविवारी बेल वाजवून टाल्कम पावडरचा डबा मागितला आणि दोन मिनिटांत तो पॅसेजभर उधळला. धुरळ्यातून त्यांच्या लेझरचा लाल किरण सळईसारखा सरळ दिसला. तेवढ्यात लिफ्टमधून सोसायटीचे सेक्रेटरी बाहेर पडले. तेही पांढरे झाले. "हवेत दिसतो हो," काका त्यांना म्हणाले, "पण जमिनीवर ठिपक्याचा ठिपकाच."

काका कोलशेतच्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झालेले. दिवाळीपासून एकच वेड, लेझरच्या ठिपक्याची रेघ करायची. कशाला, विचारलं की म्हणत, "ठिपका कुणीही पाडतं. रेघ पाहिजे, रेघ."

पावडरीनंतर आरसा आला. खेळण्यातल्या मोटरवर आरशाचा तुकडा चिकटवून गरगर फिरवला, की ठिपका इतका जोरात पळतो की डोळ्यांना रेघच वाटते. वाटली खरी, पण ती भिंतीवरून, छतावरून, तळमजल्याच्या मांजरावरून गेली. मांजर दोन दिवस पंख्याकडे बघत बसलेलं. मग आरसा निसटून आमटीत पडला. त्या दिवशी काका-काकूंचा डबा आमच्याकडून गेला.

शेवटी त्यांनी काचेची गोल कांडी मागितली. "किरण तिच्यावर आडवा पडला की पसरतो." माझ्याकडे होती एक, शर्टांमागे लपवलेली. मी गुपचूप दिली. संध्याकाळी त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं, "तुमच्या ह्यांची दारू ढवळायची कांडी फार कामाची निघाली."

घरी झालं ते झालं. सकाळी मी तावातावाने त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. काकू बेडरूमची चौकट धरून उभ्या होत्या. त्यांना कंपवात आहे हे माहीत होतं. पाय असे जमिनीला चिकटतात हे पाहिलं नव्हतं. काकांनी काकूंच्या काठीवर माझ्या कांडीसकट बसवलेल्या लेझरचं बटण दाबलं. पावलांपुढे लाल रेघ पडली.

"ओलांड, मालू."

काकूंनी रेघेकडे बघून पाय उचलला आणि पलीकडे टाकला. रेघ पुढे सरकली. मग दुसरा पाय.

"समोर रेघ दिसली की पाऊल उचलतं, डॉक्टर म्हणाले," काका मला हळूच म्हणाले. "आधी फरशीवर पट्ट्या चिकटवल्या. पण पट्ट्या तिच्याबरोबर येत नाहीत ना."

काकू दारापर्यंत आल्या. चार महिने त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या.

"लिफ्टपर्यंत जाऊ या का हो?" त्यांनी विचारलं.

काका चष्मा पुसायला लागले ते पुसतच राहिले. मी पुढे जाऊन लिफ्टचं दार धरून ठेवलं.