फक्त ओठ हलतात

जोगळेकर काका कार्टून बघत नाहीत, कार्टूनवर पाळत ठेवतात. टीव्हीवर उंदीर पळत सुटला की यांची बोटं वर. "तेच झाड! चौथ्यांदा! हा उंदीर कोल्हापूर गाठणार का एका झाडावर?"

सात वर्षांची नात इरा शेवटी ओरडते, "आजोबा, यू आर रेकिंग इट!" आणि धाडकन दार लावून घेते. काका बंद दाराला उद्देशून व्याख्यान पुरं करतात.

ते आमचे पामर्स्टन नॉर्थमधले शेजारी. बायको गेल्यावर मुलाने पुण्याहून इकडे परदेशात आणलं. मी त्याच रस्त्यावरच्या फार्मसीत काम करते, त्यामुळे त्यांच्या थरथरत्या हाताच्या गोळ्या आणि ते व्याख्यान, दोन्ही माझ्या वाट्याला.

तरुणपणी काका मुंबईत एका कार्टूनच्या स्टुडिओत होते. मुख्य चित्रकार हालचालीचं पहिलं आणि शेवटचं चित्र काढायचा. मधली सगळी काकांची. "पूर्वी थिएटरात मुख्य सिनेमाआधी कार्टून लागायचं. काय हालचाल! शेपटीलासुद्धा वजन असायचं. मग थिएटरवाले पैसे देईनात, आणि टीव्हीवाल्यांना दर आठवड्याला माल हवा, तोही स्वस्त. पहिली कुऱ्हाड मधल्या चित्रांवर!" प्राण्यांना टाय का असतो, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. धड एकदाच काढायचं, वर नुसतं डोकं बदलायचं, आणि मानेवरचा जोड टायखाली झाकायचा. मग अंग ठोकळ्यासारखं उभं, फक्त ओठ हलतात.

हे ज्ञान टीव्हीपुरतं राहिलं असतं तर बरं. पण काका माणसांनाही सोडत नाहीत. गणपतीत मंडळाच्या अध्यक्षांचं भाषण चालू असताना हे पहिल्या रांगेतून, "फक्त ओठ हलतायत. बजेट संपलं वाटतं." अध्यक्षांनी टाय घातला होता. पुढचं हसू कोणाला आवरलं नाही. मलाही एकदा म्हणाले, "मंगल, तू हसतेस तेव्हा भुवया जागच्या हलत नाहीत. काटकसर?"

मी म्हटलं, "काका, आठ तास उभी असते मी. गोळ्या घ्या."

इराच्या वाढदिवसाला मी मदतीला गेले. त्यांची सून केतकी वडे तळत होती. म्हणाली, "मंगलताई, टेबलावरचा तो पसारा तेवढा आवरा ना, पोरं येतील." काका फिरायला गेलेले. टेबलावर पातळ कागदांचा गठ्ठा. वरच्यावर एक बाई, गॅसपाशी पाठमोरी. पुढच्यावर पुन्हा तीच, मान जराशी वळलेली. रिकामपणाचे उद्योग, दुसरं काय! मी व्यवहारी बाई. सगळ्यात चांगली दोन, पहिलं आणि शेवटचं, कपाटावर नीट ठेवली. उरलेली बाहेर रिसायकलिंगच्या बिनमध्ये.

काका आले. कपाटावरची दोन पानं हातात घेतली.

"मधली कुठे आहेत?"

मी सांगितलं. वाटलं, आता व्याख्यान. काका फक्त म्हणाले, "तूसुद्धा?" आणि चपला न घालता बाहेर गेले.

पामर्स्टनचा वारा ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. बिनचं झाकण उघडंच राहिलेलं. मी कमरेपर्यंत त्या बिनमध्ये, इरा पार्टीच्या फ्रॉकमध्ये हिरवळीवर कागदांमागे, आणि वड्यांचा झारा हातात घेऊन केतकी दारात. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बारीक आकडा होता. चोवीसपैकी तेवीस मिळाली. एकोणिसावं नाही.

काकांनी गठ्ठा जुळवला, एका कडेला घट्ट धरला आणि अंगठ्याखालून पानापानाने भराभर सोडला.

गॅसपाशी उभी बाई वळली. पदर खांद्यावरून जरा सरकला, मान फिरली, आणि 'आता काय हवंय?' अशा आठ्या घालून तिने आमच्याकडे पाहिलं. टायबिय काही नाही. मान पूर्ण.

"आजी!" इरा म्हणाली.

काकांकडे काकूंचे, एकामागोमाग काढलेले दोनच फोटो होते. एक पाठमोरा, एक वळल्यावरचा. मधलं काकांनी काढलं होतं, त्या हाताने, वर्षभर.

"अगेन, आजोबा."

काकांनी पुन्हा सोडला. पुन्हा. दर वेळी वळता वळता काकूंच्या मानेला एक बारीकसा हिसका बसत होता. एकोणिसावं.

"तेवढं एक पुन्हा काढा ना," मी म्हटलं.

"ती बाकीची गेल्या वर्षीच्या हाताची आहेत," काका म्हणाले. "राहू दे."

पातळ कागद इथल्या पावसात दोन दिवसही टिकत नाही, हे मला कळतं. तरी फार्मसीतून घरी येताना त्यांच्या कुंपणापाशी मी वाकून खाली बघते.