सुभेदारनानांचे तीन कंटाळे

आमच्या आटपाडीत सुभेदारनानांसमोर जांभई द्यायची सोय नाही. बोलता बोलता ते मधेच थांबतात, डोळे बारीक करतात आणि विचारतात, “कंटाळा आला व्हय? कुटला?”

अहो, कंटाळ्यात कुठला काय असतो! पण नानांकडे तीन आहेत आणि तिन्ही कोरियन. हाताला काम नाही, कुणीतरी खेळायला यावं असं वाटतं, तो ‘शिमशिमहे’. समोरचं लांबतच चाललंय, संपेना झालंय, तो ‘जिरुहे’. आणि तेच तेच ऐकून अगदी नको नको झालंय, तो ‘जिग्योवो’.

“पयला बरा. दुसरा वळखून उठायचं. तिसऱ्यापातूर थांबायचंच न्हाई,” असा त्यांचा शिरस्ता. परवा एका साखरपुड्यात पाहुण्यांचं भाषण रंगलं असताना नाना “जिरुहे!” म्हणून उठले आणि थेट पंगतीला जाऊन बसले. मीही मागोमाग गेलो, खोटं कशाला बोलू.

पण फौजेतून निवृत्त झालेला, शेजारी एकटा राहणारा माणूस दार लावून कोरियन पुटपुटतो, म्हटल्यावर माझ्या डोक्यात नाही नाही ते यायला लागलं. आमच्या हिनं तर निकालच दिला, “फोनवर कुनी बाई गाठलीया. तुमी लक्ष ठिवा.”

एका रविवारी नानांनीच हाक मारली. व्हिडिओ कॉल लागला होता, पण पलीकडचा चेहरा दिसत नव्हता. मी बटण दाबून दिलं आणि समोर आली एक चिमुरडी, कपाळावर केस कापलेली. नानांची नात. मुलगा नोकरीला कोरियात, सून तिकडचीच, पोरीला मराठी येत नाही. मुलाला विचारून विचारून नाना तिच्यापुरतं शिकले होते. आमच्या हिची ‘बाई’ ही एवढीशी!

नाना तिला शेळीची गोष्ट सांगू लागले. निम्मे शब्द तिकडचे, निम्मं बें बें. पोरगी खिदळली. मग तिची नजर बाजूला गेली आणि ती हळूच म्हणाली, “जिरुहे.”

नाना शेळी तिथंच सोडून “रेंज जातीया बाळा, ठिवतो,” असं तिकडं मुलाला ऐकू जाईल इतकं मोठ्यानं म्हणाले आणि फोन बंद केला.

“आवं नाना, रेंज तर फुल होती!”

“व्हती. पर आत्ता ठिवला तर पुढच्या आयतवारी उचलंल. तिसरा शब्द तिच्या तोंडनं ऐकायचा न्हाई मला, गड्या.”

मी म्हटलं, “नाना, शेळीचं पुढं काय झालं? मला तरी सांगा.”

त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. मग खुर्ची जवळ ओढली आणि शेळी पहिल्यापासून सुरू केली.