मोकळा हात

आमच्या इमारतीची लिफ्ट एकदा दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, तेव्हा आत आम्ही तिघे होतो. मी, तळमजल्यावरचे शिर्के आणि आमच्या शेजारची ऋजुता म्हात्रे. बऱ्याच वेळाने दुरुस्तीचा माणूस आला आणि त्याने दार उघडले. त्याला काय काय सुनवायचे याची शिर्के मनात जुळवाजुळव करीत होते. तेवढ्यात ऋजुताने आधी त्या माणसाच्या, मग शिर्क्यांच्या आणि शेवटी माझ्या तळहाताला आपला तळहात हलकेच टेकवला, "गेला तो, पुढचा!" असे म्हटले आणि ती जिन्याने वर निघून गेली. शिर्क्यांनी आपला तळहात उलटसुलट करून पाहिला. त्यातले काही कमी झाले आहे का, याची त्यांना खात्री करून घ्यायची असावी.

ऋजुता बॅडमिंटन खेळते. सुटीत इमारतीखाली मुले खेळतात तशी नव्हे. तोच तिचा व्यवसाय आहे. एक कंपनी तिला त्यासाठी पगार देते आणि ती देशोदेशी जाऊन खेळते. तेही एकेरी नव्हे, दुहेरी. दुहेरीत प्रत्येक गुणानंतर, तो मिळो अथवा जावो, जोडीदाराच्या हाताला हात टेकवण्याची पद्धत आहे. ऋजुताने ती मैदानाबाहेरही चालू ठेवली आहे. पाणी आले की ती वॉचमनला हात देते. पाणी गेले तरी देते. माझ्या सासूबाईंच्या तेराव्याला जेवणाची पंगत उठली, तेव्हा तिने भटजींपुढेही हात केला होता. भटजींनी त्यावर तीर्थ घातले. तिने ते प्राशन केले आणि मग त्यांच्या हाताला हात टेकवला.

"टाळी नाही हां, काका," तिने मला एकदा समजावले होते. "जोरात नाही मारायचं. मी आहे, एवढंच कळवायचं. आणि रॅकेट नसेल त्या हाताने."

माझ्या दोन्ही हातांत कधीच रॅकेट नव्हती. तरीही मी ते लक्षात ठेवले.

पालेगावात आज आमची इमारत आहे, तिथे पूर्वी म्हात्र्यांची भातशेती होती. ऋजुताचे वडील पाहुण्यांना गॅलरीत नेऊन खालच्या पार्किंगकडे बोट दाखवतात आणि तिथला भात किती चवदार होता ते सांगतात. अशा घरातली मुलगी पिसांचे फूल मारून पोट भरते, हे इमारतीला पटायला वेळ लागला. "दोघी मिळून खेळता म्हणजे दमायचंही निम्मंच," असा हिशेब शिर्क्यांनी मांडला. "एकटीला जमेल गं हळूहळू," असा धीर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दिला. ऋजुताने दोघांनाही हात दिला.

तिचे देशाटन मोठे आहे, पण तिच्याकडून प्रवासवर्णन ऐकण्यात अर्थ नाही. ती व्हिएतनामहून परतली, तेव्हा तो देश कसा आहे, असे मी उत्सुकतेने विचारले. "उजवीकडून वारा," ती म्हणाली. हॉलमधल्या एसीचा वारा फुलाला कोणत्या बाजूला ढकलतो, एवढ्यावरून ती देश ओळखते. मलेशियात म्हणे वाराच नाही. तुटलेली फुले ती पिशवी भरभरून आमच्याकडे देते. कबुतरे यावर बसणार नाहीत, असे तिने सांगितल्यावरून माझ्या पत्नीने त्यांची माळ गॅलरीत टांगली. कबुतरे खरोखरच त्यावर बसली नाहीत. त्यांनी त्यात घरटे बांधले आणि मग त्या घरट्यात बसली.

आमच्या स्वयंपाकघरात मात्र तिच्या विद्येचे चीज झाले. पत्नी फ्रीजकडे वळली की ऋजुता आपोआप शेगडीपाशी सरकते. पत्नी शेगडीकडे आली की ही मागे ओट्याच्या टोकाला जाते. कोणी कोणाच्या पायात येत नाही. दूध उतू जायला लागले की "माझं!" असा पुकारा होतो आणि कुकरची शिट्टी झाली की "तुमचं, काकू!" त्याच ओट्याशी लग्नानंतर इतकी वर्षे मी पत्नीच्या वाटेत उभा राहत आलो आहे, हे मला तेव्हा प्रथम दिसले.

माझा स्वभाव मूळचाच अपराधी. रिक्षावाल्याकडे सुटे नसले तर मी त्याची क्षमा मागतो. दिवसभरात कोणाला काय लागेल असे बोललो, ते अंथरुणावर पडल्यावर आठवत राहतो. ऋजुताला हे माझ्या चेहऱ्यावरूनच कळले असावे. "काका, सॉरी एकदाच म्हणायचं," ती म्हणाली. "पुढच्या सर्व्हिसच्या आत संपवायचं. नाहीतर तीही जाते." मी प्रयत्न केला. माझ्या बऱ्याच सर्व्हिसेस थकलेल्या आहेत.

तिची जोडीदार हर्षिता. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातल्या सिंधी घरातली. वडिलांचे तिथे पडद्याच्या कापडाचे दुकान. शाळेत असल्यापासून दोघी एकत्र खेळत आल्या. हर्षिता डावखुरी, ऋजुता उजव्या हाताची. हर्षिता डावीकडे उभी राहते, ऋजुता उजवीकडे. त्यामुळे दोघींचे मोकळे हात मध्ये, शेजारीशेजारी येतात. ऋजुता बोलताना स्वतःचा वेगळा उल्लेख फारसा करीत नाही. त्यामुळेच एका संध्याकाळी ती तांदळाचे पोते खांद्यावर घेऊन जिना चढताना मला भेटली आणि "काका, आमचा गुडघा गेला," असे म्हणाली, तेव्हा मी घाबरून आधी ते पोते खाली ठेवायला सांगितले.

"आमचा म्हणजे हर्षिताचा," ती म्हणाली आणि पोते घेऊन वर गेली. त्या दिवशी तिने हात दिला नाही. दोन्ही हात पोत्याला होते, असे मी तेव्हा मनाशी म्हटले.

हर्षिताच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. पुढचे कित्येक महिने खेळायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. दुहेरीत क्रमांक एकटीचा नसतो, जोडीचा असतो. नवी जोडीदार घेतली की पुन्हा तळापासून चढायचे, आणि घेतली नाही तर नुसते बसून राहायचे. ऋजुताच्या कंपनीने नाशिकची तन्वी नावाची मुलगी सुचवली. या हंगामात खेळली नाहीस तर करार पुढे चालणार नाही, असेही सौम्य शब्दांत कळवले. ऋजुताने उत्तर दिले नाही. ती रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन गच्चीच्या उजव्या अर्ध्या भागात एकटीच सराव करू लागली.

"दादा, तुमी जरा सांगा तिला," तिच्या आईने मला दारात गाठले. "माझा आयकंत नाय. तुमी हलू बोलता, तुमचा आयकंल."

हळू बोलणाऱ्याचे लोक ऐकतात, असा माझा अनुभव नाही. तरी मी गच्चीवर गेलो.

"बरं झालं आलात," ऋजुता म्हणाली. "इथे डावीकडे उभे राहा. काही करायचं नाही."

काही न करणे मला जमते. मी उभा राहिलो. ती हवेत नसलेल्या फुलाला मारीत होती, वाकत होती, मागे धावत होती, आणि मधूनच थांबून डावा हात माझ्याकडे करीत होती. मी पहिल्यांदा डावा हात पुढे केला. "उजवा, काका. तुम्ही डावखुरे आहात." मी उजवा दिला.

मग मी विषय काढला. जोडीदार बदलणे म्हणजे दगा देणे नव्हे, पोटाचा प्रश्न असतो, असे तिला लागणार नाही अशा शब्दांत सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले.

"मला तन्वी मिळेल, काका. हर्षिता मॅच बघेल ना, तेव्हा पॉइंट झाला की तिचा हात पुढे जाणार. सवय आहे. तो हात कुठे ठेवणार ती?"

"मांडीवर," मी म्हणालो.

ऋजुताने माझ्याकडे पाहिले. पुढच्या सर्व्हिसच्या आत मला सॉरी म्हणता आले असते. मी ते त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर म्हटले.

त्या रविवारी ती मला चार नंबर कॅम्पात घेऊन गेली. दुकानाच्या मागच्या खोलीत हर्षिता पाय स्टुलावर ठेवून बसली होती. तिच्या वडिलांनी "या साईं, बसा साईं," म्हणत माझ्यापुढे दाल-पकवान ठेवले. ऋजुता हर्षिताच्या उजव्या बाजूला जाऊन बसली. तिच्यासाठी तिथे खुर्ची आधीच ठेवलेली होती.

"काका, समझाओ ना इसको," हर्षिता म्हणाली. "माझा पाय बांधलाय. हिचा कोणी बांधलाय?"

"तू एकटी काय करशील?" ऋजुता म्हणाली.

"झोपेन. जाड होईन. तुझं काय जातंय? खेळ ना त्या नाशिकवालीबरोबर. नाहीतर मी बोलणार नाही तुझ्याशी, सच में."

"बघायला येशील?"

"येते. खुर्ची दे, बसते."

ऋजुता बराच वेळ पकवानाचे तुकडे करीत राहिली. "ठीक आहे," ती शेवटी म्हणाली. "पण कुठे बसायचं ते मी सांगणार."

"हां मेरी माँ," हर्षिता म्हणाली, आणि दोघींचे हात, एकमेकींकडे न बघताच, मध्ये टेकले.

नव्या जोडीचा पहिला सामना बदलापूरच्या एका हॉलमध्ये होता. ऋजुताने सकाळी मला फोन करून हर्षिताला सोबत आणण्याचे काम दिले, आणि सूचनाही दिल्या. "काका, तिच्या उजवीकडे बसा. पिशवी खाली ठेवा. डाव्या हातात काही धरू नका, चहापण नाही."

हर्षिताचा डावा पाय लांब करायला मोकळी जागा हवी, म्हणून मला उजवीकडे बसायचे आहे, असा अर्थ मी लावला. चहाविषयीची अट मात्र मला उलगडली नाही. मी चहा घेतला, पण उजव्या हातात.

खेळ सुरू झाला. तन्वी चांगली खेळत होती. पण तिचाही मोकळा हात डावाच. त्यामुळे प्रत्येक गुणानंतर दोघींचे हात एकमेकांना थोडा वेळ शोधत आणि मग कसेबसे मनगटाला मनगट लागत असे. पहिला गेम त्या हरल्या. दुसऱ्या गेममध्ये एक फूल दोघींच्या मधोमध आले, ऋजुता "माझं!" म्हणून ओरडली आणि तिने ते समोरच्या जोडीच्या पायाशी मारले.

माझ्या शेजारी काहीतरी हलले. हर्षिताचा उजवा हात मांडीवरून उठून बाजूला आला होता, तळवा उघडा. तिचे डोळे कोर्टवरच होते. तिला स्वतःला ते कळले नसावे. कळले तेव्हा ती हात मागे घेऊ लागली.

माझा डावा हात रिकामा होता. मी तो टेकवला. जोरात नाही.

हर्षिताने माझ्याकडे वळून पाहिले नाही. पुढच्या गुणाला तिचा हात पुन्हा आला, आणि त्याच्या पुढच्यालाही. समोरच्यांनी गुण घेतला तेव्हा ती पुटपुटली, "गेला तो," आणि माझ्या तोंडून, मला वाटले त्यापेक्षा मोठ्याने, "पुढचा" असे निघाले. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मागे वळून पाहिले. मी त्यांची क्षमा मागितली, एकदाच.

दुसरा आणि मग तिसराही गेम ऋजुता आणि तन्वीने जिंकला. तन्वीने आनंदाने ऋजुताला मिठी मारली. तिच्या खांद्यावरून ऋजुता वर खुर्च्यांकडे पाहत होती. मी ओळखीचे हसलो, पण ती आमच्या चेहऱ्यांकडे पाहत नव्हती. ती थोडे खाली, आमच्या दोघांच्या खुर्च्यांच्या मध्ये टेकलेल्या हातांकडे पाहत होती, आणि ते नीट पाहून झाल्यावर तिने मिठीतून हात सोडवला आणि तन्वीपुढे केला.