हिरड्यांची चौकशी

एकोणीसशे चौतीसचा हिवाळा. कळण्याच्या भाकरीचा तुकडा चावला आणि उरलेल्या भाकरीवर रक्त दिसलं. मी धरणगावच्या एका कापसाच्या जिनात कारकून. बायको यशोदा म्हणाली, जळगावला दातांच्या डॉक्टरांना दाखवून या. मी म्हटलं, कारण आपणच शोधू. (कापसाच्या वजनात घट आली की जिनातही मीच शोधतो. बहुधा सापडत नाही.)

पहिला संशय मिरचीवर गेला. घरात तिखट बंद झालं. त्याच आठवड्यात चोपड्याहून सासरे आले. लोटन आबा सत्तरीचे, पण ऊस अजून दातांनी सोलतात. बिनमिरचीचं भरीत खाऊन त्यांनी लेकीला विचारलं, घरात कोण आजारी आहे? तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. माझा सगळा खुलासा त्यांनी शांतपणे ऐकला.

"जवाईबापू, मिरची ते बठ्ठं गाव खास. बठ्ठासना दात पडनात का?"

मिरची खाणाऱ्या सगळ्या गावाचे दात पडलेत का, हे मी अजून तपासलं नव्हतं. सकाळी ते परत गेले. उपाशी गेले, असं यशोदा अजून म्हणते.

मग मी बारकाईनं पाहिलं. निंबाची काडी फिरवली की रक्त येतं, नाही फिरवली तर येत नाही. म्हणजे दोष काडीचा. इतकी सोपी गोष्ट आजवर कुणाला कशी सुचली नाही, याचं नवल वाटलं. दात घासणं बंद केलं, नुसत्या चुळा भरू लागलो. होळीपर्यंत हिरड्या जांभळ्या झाल्या, पुढचे दोन दात हलू लागले, आणि यशोदा माझ्याशी स्वयंपाकघरातूनच बोलू लागली. (मला वाटलं, कामात असेल.)

शेवटी तिनंच मला गाडीत बसवून जळगावला नेलं. डॉक्टरांनी तोंडात आरसा घातला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"दात का घासत नाही?"

"घासले की रक्त येतं."

"घासत नाही म्हणून येतं."

दाताच्या मुळाशी चिकट थर बसतो, त्याचं दगडासारखं कीटण होतं, त्यानं हिरडी सुजते आणि दाताला सोडते, असं त्यांनी सांगितलं. मिरचीचा काही संबंध नाही, हे यशोदानं दोनदा विचारून घेतलं. दात वाचतील का, असं मी विचारलं. आजपासून घासलेत तर वाचतील, ते म्हणाले.

मग खरवडायला घेतलं. निघालेलं सगळं काचेच्या बशीत जमलं. ते दाखवायला डॉक्टरांनी शेजारच्या डॉक्टरांना बोलावलं, बाहेर बसलेले पेशंटही उठून आले. माझ्याभोवती इतकी माणसं लग्नानंतर प्रथमच जमली होती. बशीतलं घरी नेऊ का, म्हणून मी विचारलं. राहू द्या, डॉक्टर म्हणाले, असा नमुना पुन्हा मिळायचा नाही.

आयुष्यभरात मी साठवलेलं एवढंच. तेही जळगावात राहिलं.